नॉर्वेकर

नॉर्वेकर मूळचे ब्राझीलचे. नॉर्वेला ते आयुष्यात कधी गेले नव्हते आणि माझ्या माहितीप्रमाणे तिथल्या एकाही माणसाला ओळखत नव्हते. हे नाव आमच्या घरात पडलं. माझ्या नवऱ्याला माणसांना गावावरून आडनाव लावायची खोड आहे. मी रोज संध्याकाळी कामावरून आले की नॉर्वेची काहीतरी गोष्ट सांगायचे, तेव्हा तो एकदा म्हणाला, "काय म्हणतात आज तुझे नॉर्वेकर?" ते चिकटलं ते चिकटलंच. खरं नाव मी लिहीत नाही. त्यांना ते आवडणार नाही, आणि आवडलं तरी ते तसं सांगणार नाहीत.

कॅनडातल्या हॅमिल्टनच्या पूर्वेला, पोलादाच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावर, मी एका संस्थेत काम करते. इस्पितळातून घरी आलेल्या आणि म्हाताऱ्या, अधू माणसांना आम्ही व्हीलचेअर, वॉकर, पलंगाचे कठडे असं सामान उसनं देतो. वर ऑफिस, खाली बेसमेंटमध्ये वर्कशॉप. वर मी फोन घेते आणि कुणाला काय लागेल ते बघते, खाली नॉर्वेकर दुरुस्ती करायचे. ब्राझीलमध्ये ते एका तांत्रिक शाळेत शिकवत होते. बायको गेल्यावर मुलीच्या पाठोपाठ कॅनडात आले, मग मुलगी नवऱ्याच्या नोकरीसाठी पार पश्चिम किनाऱ्यावर कोक्विटलामला गेली, आणि हे मागे राहिले. उंच, जरा वाकलेले, दोन स्वेटर एकावर एक, आणि आतल्या शर्टाला कडक इस्त्री. आमचं बोलणं इंग्रजीत चालायचं. त्यांच्या इंग्रजीला पोर्तुगीजचा हेल आणि माझ्या इंग्रजीला इचलकरंजीचा, तरी आम्हाला एकमेकांचं इतरांपेक्षा लवकर कळायचं.

काही बिघडलं की ते म्हणायचे, "ब्राझील झालं." लिफ्ट मध्येच थांबली, ब्राझील झालं. प्रिंटरने कागद चावला, ब्राझील झालं. शेरिल, म्हणजे आमची मॅनेजर, स्वतःच बोलावलेल्या मीटिंगला उशिरा आली की हे माझ्याकडे बघून हळूच तेच पुटपुटायचे. शेरिल बिचारी पणजोबांपासून हॅमिल्टनची. आणि काही मनासारखं जमलं तर मान तिरकी करून म्हणायचे, "छान झालंय. ब्राझीलचं वाटत नाही." याच्यावरची शाबासकी त्यांच्याकडे नव्हती. मी एकदा बटाटेवडे नेले होते, त्यांनाही ती मिळाली.

कॅनडाला मात्र सगळं माफ. ब्राझीलमध्ये बस उशिरा आली तर देशच तसला. इथे उशिरा आली तर काहीतरी कारण असणार. नवीन येणारा प्रत्येक जण त्यांना फुटबॉलबद्दल विचारायचा, तेव्हा ते सांगायचे की मी बघत नाही. का, तर "जिंकलो तर नशिबाने, हरलो तर स्वभावाने. त्यात बघायचं काय?"

त्यांच्या थर्मासमध्ये बहिणीने गावाहून पाठवलेली कॉफी असायची. तिचा वास वर माझ्या टेबलापर्यंत यायचा. पण वर्कशॉपमध्ये कुणी पाहुणा आला की हे कोट चढवून, कोपऱ्यावरच्या डोनटच्या दुकानात जाऊन, कागदी कपातली पांचट कॉफी विकत आणायचे. मी विचारलं, अहो, घरची द्या ना, तुमच्या देशाची कॉफी जग पितं. म्हणाले, "चांगली होती ती सगळी जहाजात बसून गेली. उरली ती आम्ही प्यायलो. पाहुण्याला उरलेली कशी देऊ?" मी त्यांना आमची म्हण सांगितली, पिकतं तिथे विकत नाही. ती त्यांनी माझ्याकडून दोनदा म्हणून घेतली. त्यांच्यासाठी केल्यासारखीच होती.

हळूहळू माझ्या लक्षात आलं की या माणसाची स्वतःची अशी कुठलीच युक्ती नसते. म्हणजे युक्त्या भरपूर, पण प्रत्येक कुणाची तरी. वॉकरची सैल मूठ सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून घट्ट बसवली, तर ती जर्मन पद्धत. ब्रेकची तार सारखी तुटू नये म्हणून तिला बॉलपेनमधली स्प्रिंग घातली, तर ती जपानी. लाकडात काही केलं की स्वीडन, कडी-कोयंड्याचं काही असलं की स्वित्झर्लंड. शेरिल कौतुकाने मान हलवायची. मी एकदा विचारलं, "आणि भारताकडे काय?" ते अडचणीत आले. जरा विचार करून, अगदी सभ्यपणे म्हणाले, "गणित." मला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचा रागही आला.

ही सवय कुठून लागली ते त्यांनीच एकदा जेवताना सांगितलं. तरुणपणी त्यांनी घेवड्याच्या बिया निवडायचं एक यंत्र केलं होतं. जवळच्या शेतकऱ्यांच्या सोसायटीची माणसं येऊन बघून गेली, खूश झाली, मग विचारलं, कुठल्या देशाचं? हे म्हणाले, या शाळेच्या मागच्या शेडमधलं. माणसं पुन्हा आली नाहीत. मग यांनी त्याच यंत्राला करडा रंग दिला आणि त्यावर एक नाव रंगवलं, ज्यात व्यंजनंच व्यंजनं होती आणि जे कुणालाच उच्चारता येत नव्हतं. पलीकडच्या गावातल्या सोसायटीने ते ताबडतोब घेतलं. "वर मला म्हणाले, मशीन उत्तम आहे, पण याचे सुटे भाग तुम्ही कुठून आणणार?"

मी त्यांना माझ्या काकांची गोष्ट सांगितली. इचलकरंजीत त्यांचं मागाचे सुटे भाग करायचं वर्कशॉप होतं. माल तिथलाच, पण खोक्यावर नाव असं टाकायचे की ते युरोपातून आल्यासारखं वाटावं. गिऱ्हाइकाला सगळं माहीत असायचं, तरी तो तेच खोकं मागायचा. नॉर्वेकर इतके हसले की डबा खाली ठेवावा लागला. हसून झाल्यावर म्हणाले, आमच्याकडे याला नाव आहे. रस्त्यावरच्या बेवारशी कुत्र्याला आम्ही विरा-लाता म्हणतो, कचऱ्याचा डबा उलटवणारा. आम्हा सगळ्यांना त्या कुत्र्याचा गंड आहे असं आमचेच लोक म्हणतात. जातिवंत कुत्रा दिसला की आपण शेपूट आत घ्यायची. मी म्हटलं, आमच्याकडे न्यूनगंड असा साधा शब्द आहे, कुत्राबित्रा काही नाही. त्यांनी तो म्हणून बघितला आणि नाराजीने मान हलवली. कुत्र्याशिवाय त्यात दम नव्हता.

मग मी खेकडे काढले. मराठी माणसाला ही गोष्ट सांगायला नको: कोळ्याच्या टोपलीला झाकण नाही, कुणीतरी विचारतं खेकडे पळणार नाहीत का, आणि कोळी म्हणतो, मराठी खेकडे आहेत, एक वर चढायला लागला की बाकीचे पाय धरून खाली ओढतात. गोष्ट संपली आणि नॉर्वेकरांचा चेहरा उतरला.

"ही आमची गोष्ट आहे," ते म्हणाले.

"आमची आहे. मी लहानपणापासून ऐकतेय."

"ते ब्राझीलचे खेकडे आहेत. सगळ्यांना माहीत आहे."

"तुमचे खेकडे इतके वाईट असणं शक्य नाही," मी म्हटलं, "आमचे जास्त वाईट आहेत."

जेवणाची सुट्टी संपली तरी आम्ही भांडत होतो. कमीपणातला पहिला नंबर सोडायला दोघंही तयार नव्हतो. संध्याकाळी गाडी चालवताना मला एकटीला हसू आलं आणि मग नवरा आठवला. माझा नवरा दर शनिवारी मिसिसागाच्या इंडियन ग्रोसरीच्या पार्किंगमध्ये म्हणतो, "आपले लोक ना, कार्ट कधी जागेवर नेऊन ठेवणार नाहीत." तो शनिवार आला तेव्हा मी त्याला म्हटलं की नॉर्वेकर आपल्या घरातही एक आहेत. त्याला ते आवडलं नाही. मागच्या सीटवरून मुलगी म्हणाली, "आई, यू बोथ डू इट."

एवढं सगळं असलेला हा माणूस एकदा मात्र वेगळाच दिसला. नाताळच्या आधी ऑफिसात पॉटलक होतं, प्रत्येकाने घरून एकेक पदार्थ आणायचा. एक स्वयंसेवक गृहस्थ गप्पांच्या ओघात म्हणाले, "ब्राझील म्हणजे काय, मारामाऱ्या आणि नाचगाणी, बाकी काही चालत नाही ना तिथे?" नॉर्वेकर रोज यापेक्षा वाईट बोलायचे. मला वाटलं आता मान डोलावतील. त्यांनी हातातली बशी टेबलावर ठेवली आणि बोलायला लागले. आमची विमानं तुम्ही बसता त्या कंपन्या उडवतात. आम्ही समुद्राच्या तळाखालून तेल काढतो. एवढ्या मोठ्या देशाची मतं त्याच संध्याकाळी मोजून होतात, तुमच्या शेजारच्या अमेरिकेला विचारा किती दिवस लागतात. खेड्यापाड्यात पोरांना लस मिळते. ते गृहस्थ भिंतीला टेकले तरी हे थांबेनात. मीटबॉल गार झाले. शेरिलने शेवटी केक कापायला घेतला.

दुसऱ्या दिवशी ते वर येऊन माझ्या टेबलापाशी उभे राहिले. "काल बोललो ते खरं आहे," म्हणाले. "पण ब्राझीलच्या कुणाला सांगू नकोस. डोक्यात जाईल त्यांच्या."

आता मारियाबाईंकडे यायला हवं. मारियाबाई म्हणजे ऑफिसच्या मागच्या गल्लीत राहणाऱ्या एक पोर्तुगीज विधवा, ऐंशीच्या पुढच्या. अर्धांगाचा झटका येऊन गेला तेव्हापासून व्हीलचेअरमध्ये, डाव्या हातात जोर नाही, जिभेत मात्र दोन्ही हातांचा. नॉर्वेकर खुर्ची दुरुस्त करायला गेले की त्या त्यांचं पोर्तुगीज सुधारायच्या. ब्राझीलचे लोक भाषा चघळून चोथा करतात असं त्यांचं मत होतं. नॉर्वेकर म्हणायचे, बरोबर आहे तुमचं. मला ऐकताना चीड यायची.

मारियाबाईंचा दिवसातला एकच कार्यक्रम होता. सकाळी शेजारीण खुर्ची ढकलत त्यांना कोपऱ्यावरच्या पोर्तुगीज बेकरीत सोडायची, आणि तिथे त्यांच्यासारख्या चार-पाच जणी दुपारपर्यंत बसायच्या. पण बर्फ पडला की ते बंद. व्हीलचेअरची पुढची दोन लहान चाकं बर्फात रुततात, आणि रस्ता साफ करणारी गाडी फुटपाथच्या कडेला जो ढीग लावून जाते तो तर ओलांडताच येत नाही. "नोव्हेंबरात मी मरते आणि एप्रिलमध्ये उठते," त्या मला फोनवर म्हणाल्या होत्या.

नॉर्वेकरांनी ते ऐकलं आणि मला विचारलं, लहान मुलांच्या जुन्या स्की कुठे मिळतील? आमच्या घरच्या बेसमेंटमध्येच होत्या. मुलीला विचारलं तर म्हणाली, "शुअर, आय डोन्ट ईव्हन रिमेम्बर दोज." मग मी रोज वर्कशॉपच्या जिन्यावरून डोकावून बघत होते. त्यांनी स्कीचे आखूड तुकडे कापले, वर लहान चाक बसेल अशी लाकडी खाच केली, आणि टाकून दिलेल्या स्की-बुटांचे बकल काढून चाक त्यात आवळायची सोय केली. बकलला दोरी. बेकरीच्या दारात दोरी ओढली की स्की सुटून पडायच्या आणि बेकरीवाली त्या उचलून कोपऱ्यात ठेवायची. जानेवारीत मारियाबाई बर्फाच्या ढिगावरून पलीकडे गेल्या तेव्हा शेजारीण मागे टाळ्या वाजवत होती.

शेरिलने विचारलं, "कुठून काढलंत हे?"

मी तिथेच उभी होते. ते भिंतीकडे बघत म्हणाले, "नॉर्वेत असं करतात."

नंतर मी विचारलं, हे काय? म्हणाले, "बर्फाच्या बाबतीत ब्राझीलच्या माणसाचं कोण ऐकेल? मी स्वतः ऐकणार नाही." नॉर्वेच्या जोड्या मग बऱ्याच झाल्या. लोक मागायला लागले. नॉर्वेबद्दल हे इतकं आदराने बोलायचे की शेरिलला उन्हाळ्यात तिकडे जावंसं वाटायला लागलं. दुरून डोंगर साजरे म्हणतात ते यांच्या बाबतीत अगदी खरं होतं.

पुढच्या हिवाळ्याच्या तोंडाशी विमा कंपनीच्या एक बाई तपासणीला आल्या. वागायला चांगल्या, पण प्रश्न विचारायला कंटाळा नाही. मारियाबाईंची खुर्ची तेव्हा ब्रेकसाठी वर्कशॉपमध्ये होती. बाईंनी वाकून बघितलं आणि विचारलं, हे कुणी बनवलंय? शेरिल अभिमानाने म्हणाली, नॉर्वेचं आहे. कंपनी कुठली? शेरिलने नॉर्वेकरांकडे बघितलं. त्यांनी हातातल्या स्पॅनरकडे.

"नाव आठवत नाही," ते म्हणाले.

"मग शोधा. कंपनीकडून चाचणीचं सर्टिफिकेट लागेल. मी ख्रिसमसनंतर येईन, तोपर्यंत या काढून ठेवा. आणि बनवणाराच सापडला नाही तर मोडीत काढाव्या लागतील. कुणी पडलं तर आम्ही कुणाला विचारायचं?"

सगळ्या स्की गोळा करून जाळीच्या कपाटात कुलपात गेल्या. शेरिल नॉर्वेतल्या कंपन्यांना एकामागून एक ईमेल पाठवत बसली. मी खाली गेले आणि म्हटलं, सांगून टाका. बनवणारा सापडत नाही हीच अडचण आहे, आणि तुम्ही तर इथे उभे आहात.

"नॉर्वेचं आहे असं वाटतंय तोवर शोधतायत," ते म्हणाले. "माझं आहे म्हटलं की शोधणं थांबेल आणि उचलून फेकतील. मला माहीत आहे."

"ही ती सोसायटी नाही."

"सगळ्या सोसायट्या तीच असतात."

बर्फ त्या वर्षी लवकर पडला. मारियाबाईंचा फोन आला नाही म्हणून मला काळजी वाटली आणि कामावर जाताना मी त्यांच्या गल्लीतून गेले. तर नॉर्वेकर फावड्याने फुटपाथवरचा बर्फ काढत होते. स्वतःच्या घरापुढचा नाही. मारियाबाईंच्या पायरीपासून बेकरीच्या दारापर्यंतचा सगळा, आणि कोपऱ्यावरचा तो ढीगही फोडून रुंद वाट केलेली. दोन स्वेटर, वर कोट, तोंडातून वाफा. हे ते रोज कामावर यायच्या आधी करत होते. मी गाडी थांबवून काच खाली केली. ते म्हणाले, "व्यायाम होतो." मला रडू आलं आणि रागही आला. दोन शब्द बोलायचे नाहीत म्हणून हा माणूस अख्खी गल्ली उपसत होता, आणि वय काही कमी नव्हतं.

मी बेकरीत शिरले. मारियाबाई खिडकीशी बसून त्यांच्याकडेच बघत होत्या.

"नॉर्वेत त्याचा कोण आहे ग?" त्यांनी मला विचारलं.

उत्तराची वाट न बघता त्या म्हणाल्या, "माझ्या स्वयंपाकघरात गुडघ्यावर बसून याने तीनदा माप घेतलंय. मला काय, दिसत नाही? एखाद्या पोर्तुगीजाने हे केलं असतं ना, तर एव्हाना चौकात पुतळा उभा केला असता स्वतःचा. आणि हा बघ." मग कॉफी ढवळत म्हणाल्या, "मोठा बर्फ पडला की हे फावडं पुरणार नाही."

तेही खरंच झालं. ख्रिसमसच्या आसपास वादळ आलं, शाळा बंद, बसगाड्या बंद. त्यानंतर मारियाबाई घरातच राहिल्या, आणि नॉर्वेकर कमरेला पट्टा बांधून कामावर यायला लागले. दोघांपैकी कुणी काही तक्रार केली नाही.

विमावाल्या बाई ठरल्याप्रमाणे आल्या. शेरिलने पडेल चेहऱ्याने सांगितलं, नॉर्वेतून कुणीच हो म्हणत नाही. बाई म्हणाल्या, मग नाइलाज आहे. कपाट उघडलं. वरच मारियाबाईंची जोडी होती, ती त्यांनी हातात घेऊन उलटीपालटी केली. नॉर्वेकर बाजूला उभे होते. मी त्यांच्याकडे बघत होते, ते जमिनीकडे. मला वाटलं, गेलं हे.

बाई सहज म्हणाल्या, "खरं सांगू, हे नॉर्वेचं नाहीच वाटत. कुणीतरी गराजमध्ये जोडलंय, विचार न करता. दोन्ही दोऱ्या उजवीकडेच. डावी डावीकडे हवी, एवढं तर कुणालाही कळेल."

नॉर्वेकरांनी मान वर केली. पॉटलकच्या दिवशी बशी खाली ठेवताना जो चेहरा झाला होता, तोच.

"विचार करून उजवीकडे आहे," ते म्हणाले. "तिच्या डाव्या हातात जोर नाही. डावीकडे दोरी दिली तर ती बेकरीच्या दारात बसून राहील. दुसरी जोडी बघा. तिसरी बघा. प्रत्येकाची वेगळी आहे, कारण प्रत्येक माणूस वेगळा आहे."

"तुम्हाला हे कसं माहीत?"

शेरिलचं तोंड उघडं होतं. नॉर्वेकरांनी माझ्याकडे एकदा बघितलं, जसं काही मी मागून ढकललं होतं.

"मी केल्यात त्या," ते म्हणाले. "नॉर्वेत कुणी नाही. आणि गराजमध्ये नाही, इथे बेसमेंटमध्ये केल्यात."

मला वाटलं आता बाई चिडणार. पण त्यांना वेळच मिळाला नाही, कारण नॉर्वेकरांनी लगेच स्वतःच्या कामाला नावं ठेवायला सुरुवात केली. लाकूड भिजलं की फुगतं, वार्निश पुरत नाही. उतारावर खुर्ची पुढे पळते, तेव्हा मागे माणूस हवाच. दोरी चुकून ओढली गेली तर काय, याचं उत्तर अजून सापडलेलं नाही. एकेक दोष ते असा सांगत होते की जणू दुसऱ्या कुणाची तक्रार करतायत. बाई लिहून घ्यायचं सोडून ऐकत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "मला हेच हवं होतं. ज्याला विचारता येईल असा माणूस."

पुढे युनिव्हर्सिटीतल्या एका प्रयोगशाळेत चाचणी करायची ठरली. पाठवायच्या आधी शेरिलने विचारलं, बनवणाऱ्याचं नाव तर झालं, देश काय घालू? ते पटकन म्हणाले, "कॅनडा. इथेच तर केलंय." शेरिल वर गेल्यावर मी भांडले. म्हटलं, आता तरी ब्राझील म्हणायला काय जात होतं तुमचं?

ते हत्यारं पुसायला लागले. "चाचणीत मोडलं तर?" म्हणाले. "मग म्हणतील, ब्राझीलचं होतं म्हणून मोडलं. मोडलं तर माझं एकट्याचं मोडू दे."

"आणि नाही मोडलं तर?"

"तर कॅनडाला घेऊ दे. त्यांनी मला घेतलं."

इतकी वर्षं मला वाटत होतं की या माणसाला आपल्या देशाची लाज वाटते. तसं नव्हतं. दुसऱ्याने दगड मारण्याआधी ते स्वतःच हळूच खडा मारून घेत होते, म्हणजे मोठा दगड पडू नये. मला त्या क्षणी त्यांच्याबद्दल फार माया वाटली. माझ्या काकांबद्दलही वाटली, आणि पार्किंगमध्ये पुटपुटणाऱ्या नवऱ्याबद्दलही थोडी.

स्की मोडल्या नाहीत. दोरीला एक लहानसा चाप बसवायला प्रयोगशाळेने सांगितलं, तो बसवला. फेब्रुवारीत मारियाबाई पुन्हा बेकरीत दिसायला लागल्या. त्याच उन्हाळ्यात नॉर्वेकर मुलीकडे कोक्विटलामला गेले. तिकडे बर्फापेक्षा पाऊस जास्त. जाताना त्यांनी मला घरच्या कॉफीचं एक पाकीट दिलं, तेही कागदात गुंडाळून, ब्राझीलचं नाव दिसू नये असं.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. आमच्याकडे एक नवीन मदतनीस बाई आल्या होत्या. मारियाबाईंना खुर्चीसकट घ्यायला आम्ही दोघी बेकरीत गेलो. मदतनीस बाईंनी स्की बघितल्या आणि विचारलं, हे नॉर्वेचं का? इथे अजून सगळे तसंच म्हणतात. मी तोंड उघडलं, पण मारियाबाईंनी मला बोलू दिलं नाही.

"कसलं नॉर्वे?" सगळ्या बेकरीला ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या. "आमच्या माणसाने केलंय हे. आमच्या भाषेच्या माणसाने."

मला इतका आनंद झाला की ऑफिसात परत येऊन आधी कोक्विटलामला फोन लावला. त्यांना सगळं जसंच्या तसं सांगितलं. मला वाटलं, त्यांना भरून येईल.

"आमच्या माणसाने, असं म्हणाली?" त्यांनी विचारलं.

"हो. सगळ्यांसमोर."

"बघ. पोर्तुगीज आहे. काही चांगलं निघालं की लगेच स्वतःचं म्हणायचं. शेकडो वर्षं आमच्यावर राज्य करून हेच केलं त्यांनी." आवाज चढला होता. मग मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं ते वाक्य ते सावकाश, एकेक शब्द मोजल्यासारखं बोलले. "तिला सांग, ते ब्राझीलचं आहे."

मी म्हटलं, सांगते.

"सगळ्यांसमोर सांग," ते म्हणाले. आणि फोन ठेवता ठेवता, "बकल मात्र तपासत जा."